नमुन्याच्या बाटलीत उतरेल अशी व्याख्या

मस्जिद बंदरला वडगादीतल्या एखाद्या जुन्या रसायनांच्या पेढीवर जाऊन नुसता ‘सोडा ॲश’ मागितला, तर गादीवरचा माणूस लगेच विचारतो, ‘लाइट की डेन्स?’ दोन्ही सोडियम कार्बोनेटच. आपल्या आज्या ज्याला धुण्याचा सोडा म्हणायच्या, तोच हा पदार्थ. लाइट हातात घेतला तर मैद्यासारखा बोटांना चिकटतो, फुंकर मारली की उडतो. डेन्स रव्यासारखा बोटांतून घरंगळतो, आणि एकाच मापाच्या डब्यात लाइटच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा मावतो. पहिला जातो धुण्याच्या पावडरीत, दुसरा काचेच्या भट्टीत. काचवाल्याला लाइट दिला तर भट्टीत टाकतानाच त्याची धूळ उडते आणि वाळूबरोबर तो सारखा मिसळून राहत नाही. पुस्तकाला विचारलं तर पदार्थ एक. गिऱ्हाइकाला विचारलं तर दोन.

आता समजा, सोडा ॲश परदेशातून डम्प होतोय, म्हणजे तिथल्या भावापेक्षा स्वस्तात इथे ओतला जातोय, अशी तक्रार देशी कारखान्यांनी केली. शुल्क कशावर बसवायचं? दोन्हींवर, की ज्याच्या भावानं इथल्या कारखान्यांना मार बसला त्या एकावरच? सरकारी भाषेत या प्रश्नाला ‘विचाराधीन उत्पादनाची व्याप्ती’ म्हणतात, धंद्यातले लोक ‘पीयूसी’ म्हणतात. वर्तमानपत्रात बातमी येते ती शुल्काच्या आकड्याची: टनाला इतके डॉलर, अमुक देशांवर, पाच वर्षांसाठी. व्याख्येचा परिच्छेद कुणी छापत नाही. मी पंचवीस वर्षं रसायनांच्या खरेदीत काढली, आधी डोंबिवलीतल्या एका शाईच्या कारखान्यात आणि नंतर मुंबईतल्या ऑफिसात, आणि माझं मत असं झालं आहे की आकड्यापेक्षा त्या परिच्छेदानंच जास्त कारखाने तारले आहेत आणि मारलेही आहेत.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याचं कलम ९-ए आणि त्याखालचे १९९५ चे नियम. चौकशी करते वाणिज्य मंत्रालयाखालची डीजीटीआर, म्हणजे व्यापार उपाय महासंचालनालय. २०१८ पासून तिचं हे नाव आहे. ती शिफारस करते, आणि शुल्क लावायचं की नाही ते अर्थ मंत्रालय तीन महिन्यांत ठरवतं. चौकशीत तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: परदेशी उत्पादक त्याच्या स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा कमी भावानं इथे विकतोय, इथल्या उद्योगाला इजा झाली आहे, आणि ती इजा त्या स्वस्त मालामुळेच झाली आहे. या तिन्ही गोष्टी कशाच्या मोजायच्या, तर व्याख्येत जे बसतं त्याच्या. तक्रारदाराला उभं राहायला अर्जाच्या पाठीशी देशातल्या उत्पादनाचा किमान २५ टक्के हिस्सा लागतो. तो हिस्सा कशाचा, हे व्याख्याच सांगते. एका देशातून येणारा माल एकूण आयातीच्या ३ टक्क्यांहून कमी असेल तर तो देश सहसा सुटतो, तिथेही तेच. व्याख्या थोडी रुंद केली की उद्योग बदलतो, आयातीचा आकडा बदलतो, सरासरी भाव बदलतो, इजाही बदलते. सगळा हिशोब या एका ओळीवर उभा असतो.

माझं म्हणणं असं आहे. व्याख्येतली प्रत्येक रेघ अशी असावी, की बंदरात उतरलेल्या मालातून बाटलीभर नमुना काढून प्रयोगशाळेत नेला, तर माल रेघेच्या अलीकडे आहे की पलीकडे ते तिथेच ठरावं. ज्या रेघेचा निकाल बाटली देऊ शकत नाही, ती कागदावर कितीही न्याय्य दिसो, बंदरात पोचेपर्यंत ती अधिकाऱ्याच्या समजुतीवर आणि आयातदाराच्या वकिलाच्या ताकदीवर जाऊन बसते. आणि ती रेघ आखताना देशी कारखाना आज काय बनवून विकतो ते बघावं. उद्या तो काय बनवू शकेल, यावर ती आखू नये.

सीमाशुल्काचा कोड तर आधीच आहे, मग तोच का वापरू नये, असं अनेकांना वाटतं. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले. आठ आकड्यांनी माल ओळखला जातो. पण कोड हा सगळ्या जगाच्या व्यापाराची कपाटं लावण्यासाठी केलेला आहे, एका भांडणाचा निवाडा करण्यासाठी नाही. पीव्हीसीचं उदाहरण घ्या. नळाच्या पाइपसाठी लागतं ते सस्पेन्शन रेझिन, दाणा साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा. रेक्झिन, हातमोजे, फ्लोअरिंग यांना लागतं ते पेस्ट रेझिन, दाणा मायक्रॉनच्या आसपास, पिठाहून बारीक. पाइपवाल्याच्या एक्स्ट्रूडरला पेस्ट रेझिन चालत नाही आणि रेक्झिनवाल्याच्या कढईत सस्पेन्शन रेझिनची पेस्ट होत नाही. तरी सहा आकड्यांच्या कोडात दोन्ही एकाच खणात: ३९०४.१०. उलटा प्रकार टायटॅनियम डायऑक्साइडचा. रंगाला पांढरेपणा देणारी तीच भुकटी नुसत्या ऑक्साइडच्या रूपात आली तर २८ व्या प्रकरणात, पिगमेंट म्हणून पृष्ठभागावर प्रक्रिया करून आली तर ३२ व्या प्रकरणात. एका कोडात दोन वेगळे माल, एका मालाला दोन वेगळे कोड. म्हणून डीजीटीआरच्या निष्कर्षांत एक वाक्य जवळजवळ नेहमी असतं, की दिलेला कोड फक्त सूचक आहे, व्याप्तीवर बंधनकारक नाही. वाक्य बरोबर आहे. पण त्यामुळे सगळा भार शब्दांवर येतो आणि ते शब्द लिहिणाऱ्याची जबाबदारी फार मोठी होते.

ही जबाबदारी मला कळली ती एका कंटेनरमुळे. शाईत आम्ही विनाइल क्लोराइड आणि विनाइल ॲसिटेट यांचं कोपॉलिमर, म्हणजे दोन घटक मिळून केलेलं रेझिन, वापरायचो. ते पीव्हीसीच्याच घरातलं, पण पाइपच्या रेझिनशी त्याचा काही संबंध नाही. त्यातल्या ॲसिटेटमुळे ते एमईकेसारख्या कीटोन जातीच्या द्रावकात सहज विरघळतं आणि फिल्मवर छपाईची शाई धरून ठेवतं. साधं पीव्हीसी त्याच एमईकेत टाकलं तर ते तसं विरघळत नाही, फुगून बसतं. पुरवठादारानं बिलावर सुटसुटीतपणासाठी ‘पीव्हीसी रेझिन’ एवढंच लिहिलं होतं, आणि त्या सुमारास पीव्हीसीवर शुल्क होतं. माल अडकला. टेस्ट मेमो निघाला, नमुना गेला, अहवाल यायला आठवडे लागले. रोज सीएफएसचं, म्हणजे कंटेनर ठेवायच्या आवाराचं भाडं, वर शिपिंग कंपनीचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार. बाँड आणि बँक गॅरंटी देऊन माल सोडवता येतो, पण बँक गॅरंटीसाठी लहान कारखान्याचा तेवढा पैसा बँकेत अडकून पडतो. शेवटी इन्फ्रारेडच्या आलेखात ॲसिटेटचं शिखर दिसलं आणि माल सुटला. साध्या पीव्हीसीत ते शिखर नसतं. दहा मिनिटांची तपासणी होती ती. आमच्या मालकांना त्या महिन्यात दोन ऑर्डरी सोडाव्या लागल्या. पुरवठादाराच्या आळसाला मी दोष देतो, स्वतःलाही देतो, कारण बिलाची ओळ मी आधी वाचली नव्हती. पण शुल्काच्या अधिसूचनेतल्या व्याख्येत ‘होमोपॉलिमर’ (एकाच घटकाचं रेझिन) हा एक शब्द ठळकपणे असता आणि ‘कोपॉलिमर वगळून’ हे दोन शब्द असते, तर आमचा क्लिअरिंग एजंट पहिल्याच दिवशी विश्लेषणाचा दाखला पुढे करून मोकळा झाला असता.

होमोपॉलिमर की कोपॉलिमर, ही रेघ बाटलीत उतरते. के-व्हॅल्यू, म्हणजे रेझिनच्या रेणूंची लांबी सांगणारा आकडा, उतरतो. दाण्याचं माप उतरतं. घनता उतरते, म्हणून लाइट-डेन्सचा प्रश्न निदान मोजता तरी येतो. २०२२ मध्ये सस्पेन्शन पीव्हीसीवर सेफगार्डची चौकशी सुरू झाली. सेफगार्ड म्हणजे आयात अचानक वाढली तर देशी उद्योगाला द्यायचं संरक्षण. त्याचा कायदा वेगळा, पण व्याख्येचा प्रश्न तोच. ती चौकशी सगळ्या सस्पेन्शन पीव्हीसीची नव्हती. रेझिनमध्ये उरलेला विनाइल क्लोराइड मोनोमर, ज्याला रेसिड्युअल व्हीसीएम म्हणतात, तो २ पीपीएमपेक्षा (दहा लाखांत दोन भाग) जास्त असेल तेवढ्याच मालाची होती. मला ही रेघ आवडते, कारण व्हीसीएम हा माणसात कर्करोग घडवणारा वायू आहे आणि गॅस क्रोमॅटोग्राफनं तो मोजता येतो. पण आवडत असूनही तिच्यात एक अडचण मला दिसते. उरलेला व्हीसीएम रेझिनमधून हळूहळू निघून जातो, उष्णतेनं लवकर जातो. कारखान्यात भरताना रेघेच्या वर असलेली गोणी समुद्रावरचा उन्हाळा काढून आली की खाली असू शकते. अशी रेघ आखली तर नमुना कुठे, केव्हा आणि किती घट्ट बंद करून काढायचा, हेही व्याख्येबरोबरच लिहावं लागतं. नाहीतर एकाच लॉटचे दोन अहवाल येतात आणि त्यांच्यामध्ये वकील उभे राहतात.

बाटलीत अजिबात न उतरणारी रेघ म्हणजे वापराची. ‘अमुक उद्योगासाठी आणलेला माल वगळून’. वाचायला ही फार समजूतदार वाटते: औषधवाल्याला सोडा, रंगवाल्याला लावा. पण भुकटीला आपण कुठे जाणार ते ठाऊक नसतं. औषधाच्या नावानं आलेला ड्रम भिवंडीच्या गोदामात उतरतो आणि तिथून कुठे जातो, हे शोधायला सरकारला बाँड, नोंदवह्या, तपासनीस असं सगळं उभं करावं लागतं. सवलतीच्या शुल्कासाठी तशी यंत्रणा आहे, तिचे २०२२ चे नियमही आहेत. मोठी औषध कंपनी ते सांभाळते, तिच्याकडे त्यासाठी वेगळा विभाग असतो. अंबरनाथमधला पाच माणसांचा कारखाना सवलत सोडून देतो आणि शुल्क भरतो. म्हणजे सवलत कागदावर सगळ्यांना, मिळते मोठ्यांना. औषधाची ग्रेड खरोखर वेगळी असेल तर तिची शुद्धता वेगळी असते, तिच्यातल्या जड धातूंची मर्यादा वेगळी असते, ती फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथाच्या, कसोटीला उतरते. मग रेघ तिथे आखा. आणि तसा काहीच फरक मोजता येत नसेल, फक्त गिऱ्हाईक वेगळं असेल, तर माझ्या मते ती वगळणूक द्यायलाच नको.

इथपर्यंत वाचून देशी उत्पादक म्हणेल, की हा माणूस आयातदारांचा आहे. तसं नाही. मी रसायनी या गावाच्या बाजूनं अनेकदा गेलो आहे. गावाचं नावच रसायनांवरून पडलं, एवढं तिथल्या सरकारी कारखान्याचं महत्त्व होतं. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं हिंदुस्तान ऑर्गॅनिकचे तिथले तोट्यातले प्रकल्प बंद करायचं ठरवलं. एक डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्रकल्प तेवढा इस्रोला लागतो म्हणून त्यांच्याकडे गेला. ते प्रकल्प स्वस्त आयातीनंच बंद पाडले असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच होती. पण रसायनांचा कारखाना एकदा बंद झाला की पुन्हा उभा राहत नाही, त्याच्याबरोबर पाइप जोडणारे, व्हॉल्व्ह ओळखणारे, वासावरून गळती सांगणारे हातही जातात. म्हणून डम्पिंगवर शुल्क असावं आणि ते पक्कं असावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पक्क्या शुल्कासाठीच तर व्याख्या घट्ट हवी.

कारण अरुंद आणि ढिसाळ व्याख्येचा फायदा लबाड आयातदार घेतो. ‘९९.५ टक्के शुद्धतेचा पदार्थ’ अशी व्याख्या केली की पुढच्या जहाजात ९९.३ टक्क्यांचा माल येतो. थोडी साखर, थोडं मीठ मिसळलं की तो ‘मिश्रण’ होतो. अमेरिकेनं २००९ मध्ये चीन आणि कॅनडाच्या सायट्रिक ॲसिडवर शुल्क लावताना हे आधीच ओळखलं आणि व्याख्येतच लिहून टाकलं, की मिश्रणात वजनानं ४० टक्के किंवा जास्त सायट्रिक ॲसिड असेल तर मिश्रणही आत. ४० हाच आकडा का, यावर वाद घालता येईल, पण कुठल्याही प्रयोगशाळेत तो मोजता येतो. ग्लायसिन या अमिनो ॲसिडची गोष्ट तर आपल्या जवळची आहे. चिनी ग्लायसिनवर अमेरिकेचं शुल्क १९९५ पासूनचं. २०१२ मध्ये त्यांनी निर्णय दिला, की चीनमधलं कमी शुद्धतेचं ग्लायसिन भारतात आणून, शुद्ध करून पाठवणं हीसुद्धा शुल्क चुकवणंच आहे. ग्रेड बदलली, देश बदलला, तरी रेणू तोच आणि त्याच्यातलं बरंचसं मूल्यही पहिल्याच देशात तयार झालेलं, असा तो विचार. आपल्याकडेही २०१२ पासून नियमांत अशा चुकवेगिरीच्या तपासाची सोय आहे, मालात किरकोळ फेरफार करून आणणाऱ्यांसाठी. पण तो तपास म्हणजे दुसरा खटला. तो चालेपर्यंत देशी कारखान्याचे दोन हंगाम निघून जातात. व्याख्या नीट असती तर तो लागलाच नसता.

शीतकरणाच्या वायूंचं उदाहरण मला यात सगळ्यात शिकवणारं वाटतं. एसीच्या सिलिंडरवर आर-४१०ए लिहिलेलं आपण पाहतो. तो आर-३२ आणि आर-१२५ यांचं निम्मं-निम्मं मिश्रण आहे. शुल्क फक्त आर-३२ वर लावलं, तर सिलिंडरातून निम्मा आर-३२ मिश्रणाच्या नावानं आत येतो. शुल्क फक्त मिश्रणावर लावलं, तर दोन वायू वेगवेगळे आणून इथे एकत्र करायला फारसं काही लागत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत नेमकं असंच झालं: मिश्रणावर शुल्क लागलं, सुट्या घटकांमुळे तिथल्या उद्योगाला इजा झाल्याचं मान्य झालं नाही, आणि मग पुढची काही वर्षं अर्धवट मिसळलेल्या वायूंवरून तिथे भांडणं चालली. भारतानं २०२१ च्या डिसेंबरात आर-३२ आणि मिश्रणं, दोन्हींवर शुल्क लावलं. हे मला अधिक शहाणपणाचं वाटतं. रसायनात घटक आणि मिश्रण यांच्यामध्ये भिंत नसते, एक मिक्सर असतो.

मग ‘रुंद व्याख्या करा आणि वगळणुकी द्या’ हेच सूत्र ठरतं, आणि प्रत्यक्षात तसंच चालतं. चौकशी सुरू होताना व्याप्ती मोठी असते, मग वापरणारे येऊन आपापल्या ग्रेड वगळायला सांगतात. व्याप्ती पुढे कमी होते, वाढत नाही. या पद्धतीला माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वगळणुकीच्या कसोटीची. १९९५ च्या नियमांत ‘समान वस्तू’ची व्याख्या आहे: विचाराधीन मालासारखीच सर्व बाबतींत असलेली, आणि तशी नसेल तर गुणधर्मांनी तिच्याशी जवळून मिळतीजुळती असलेली. देशी उद्योग समान वस्तू बनवत असेल तर वगळणूक नाही. पण ‘बनवतो’ म्हणजे काय? मी अशी उत्तरं ऐकली आहेत: आमची क्षमता आहे, मागणी आली तर करू, प्रयोगशाळेत केलं आहे, अमक्याला पन्नास किलोचा नमुना दिला होता. रसायनात नमुना आणि टँकर यांच्यात फार अंतर असतं. रिॲक्टरमध्ये ग्रेड बदलायची म्हणजे धुलाई, वाया जाणारे पहिले लॉट, मधला बिघडलेला माल. पाइप ग्रेडच्या मागणीवर पूर्ण क्षमतेनं चालणारा कारखाना वर्षाला चाळीस टनांच्या खास ग्रेडसाठी ते करत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही केलं नसतं. म्हणून ‘करू शकतो’ हे उत्तर चालता कामा नये. चौकशीच्या काळात ती ग्रेड व्यापारी प्रमाणात विकली होती का, किती गिऱ्हाइकांना, किती वेळा, याची बिलं बघावीत.

बिलं बघितली जातात, हे मला ठाऊक आहे. पण ती वापरणाऱ्याला दिसत नाहीत, कारण नियम ७ खाली विक्रीची माहिती गोपनीय ठेवता येते. किंमत, गिऱ्हाइकाचं नाव, ही गुपितं राहावीतच. पण ‘ही ग्रेड या वर्षापासून, या नावानं, सलग विकली जाते’ एवढं सांगायला कुठलं गुपित फुटतं? ते जाहीर झालं तर डोंबिवलीतला शाईवाला किंवा तारापूरचा रंगवाला त्या नावानं कोटेशन मागवून बघेल, मिळालं तर घेईल, नाही मिळालं तर ते पत्र चौकशीत जोडेल. आज दोन्ही बाजू बंद पाकिटातून बोलतात आणि ज्याच्याकडे महागडा सल्लागार आहे त्याचं पाकीट नीट वाचलं जातं. नियम ६ मध्ये वापरणाऱ्या उद्योगांना म्हणणं मांडायची संधी द्यायला सांगितलं आहे. कागद शंभर पानांचे, मुदत थोडी. महाड, लोटे, तळोजा इथल्या लहान कारखान्यांतून त्या संधीपर्यंत कितीजण पोचतात?

उलट बाजूनंही एक गोष्ट मानली पाहिजे. देशी कारखान्यानं नवी ग्रेड खरोखर बाजारात आणली तरी गिऱ्हाईक ती लगेच घेत नाही. शाईत नवं रेझिन बसवायला छपाईच्या मशीनवर चाचण्या लागतात, औषधात तर कागदपत्रं आणि स्थिरतेच्या चाचण्यांत वर्ष जातं. हे कारण पुढे करून वर्षानुवर्षं परदेशी मालच मागणारे खरेदीदार मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यातला एक काही काळ मीही होतो. चांगला भाव आणि जुनी सवय सोडवत नाही. तेव्हा चाचणीचं कारण हे कायमच्या वगळणुकीचं कारण होऊ नये. ठरावीक मुदतीची वगळणूक द्यावी आणि मुदत संपली की ग्रेड आपोआप आत यावी.

रुंद व्याख्येचा आणखी एक धोका सरासरीत लपतो. स्वस्त आणि महाग ग्रेड एका टोपलीत घातल्या की टोपलीचा सरासरी भाव कशाचाच भाव राहत नाही. चीननं युरोपच्या एक्स-रे स्कॅनरांवर शुल्क लावलं, तेव्हा कमी ऊर्जेची आणि जास्त ऊर्जेची यंत्रं एकाच व्याख्येत होती. २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलनं चीनला चुकीचं ठरवलं, कारण भावांची तुलना करताना हा फरक लक्षातच घेतला गेला नव्हता. आणखी एक खटला नॉर्वेच्या सॅल्मन माशांबद्दलचा. त्यात पॅनेल म्हणालं होतं, की चौकशीतल्या मालाची व्याप्ती एकजिनसीच असली पाहिजे असं करारात कुठे लिहिलेलं नाही. दोन्ही एकत्र वाचले की मला दिसतं ते असं: टोपली मोठी ठेवायला मुभा आहे, पण मग तिच्यातले खण नीट पाडलेच पाहिजेत. आपल्याकडे त्यासाठी पीसीएन असतात, प्रत्येक प्रकाराला वेगळा क्रमांक, तुलना त्या त्या क्रमांकातच. पीसीएनचे निकषही बाटलीत उतरणारे असावेत, हे मी पुन्हा सांगतो. त्यात बहुतेक शुल्क टनाला ठरावीक डॉलर असं लागतं. कॉस्टिक सोड्याचं द्रावण बाजारात साधारण ४८ टक्क्यांचं येतं. शुल्क द्रावणाच्या टनावर लावलं तर अर्धं पाण्यावर बसतं. कॉस्टिकमध्ये हिशोब कोरड्या टनावर होतो, ही जुनी आणि शहाणी सवय आहे. मिश्रणं व्याख्येत घेताना हाच विचार मिश्रणातल्या मूळ पदार्थाच्या वजनाला लावायला हवा.

अमेरिकेत, शुल्क लागल्यावर एखादा माल व्याख्येत आहे का असा प्रश्न विचारायची ठरलेली पद्धत आहे, आणि शब्दांतून उत्तर निघत नसेल तर मालाचे गुणधर्म, गिऱ्हाइकाची अपेक्षा, शेवटचा वापर, विक्रीची वाट आणि जाहिरात असे पाच निकष लावतात. त्यातले शेवटचे तीन मला रसायनांसाठी फारसे उपयोगी वाटत नाहीत. पण प्रश्न विचारायला एक खिडकी असणं आणि उत्तर लेखी, सगळ्यांना दिसेल असं मिळणं, हे मला फार मोलाचं वाटतं. असं उत्तर एकदा मिळालं की न्हावा शेवाला एक आणि मुंद्राला दुसरं असं होणार नाही. आणि व्याख्या ठरवताना सीमाशुल्काच्या प्रयोगशाळेतल्या केमिकल एक्झामिनरना सुरुवातीलाच बोलावून विचारावं, की ही रेघ तुम्ही कशानं मोजाल आणि किती दिवसांत. माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेत, १९३३ पासून रसायन तंत्रज्ञान शिकवलं जातं. अशी कसोटी सुचवायला आणि तपासायला त्या संस्थेसारखी जागा शोधून सापडणार नाही.

पाच वर्षांनी शुल्काचा सनसेट रिव्ह्यू, म्हणजे मुदत संपतानाची फेरतपासणी, येतो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. तिथे शुल्क चालू ठेवायचं का यावर पानंच्या पानं लिहिली जातात आणि व्याख्या बहुधा जुन्या आदेशातून जशीच्या तशी उतरवली जाते. पाच वर्षांत रसायनांचं जग बदललेलं असतं. एखादी ग्रेड देशात बनायची बंद झालेली असते, तरी ती व्याख्येत राहते आणि तिच्यावरच्या शुल्कातून कुणाचंच रक्षण होत नाही. एखादी ग्रेड तेव्हा वगळली होती, आता ती दहेजला किंवा पाताळगंगेला टनांनी बनत असते, तरी ती बाहेरच राहते आणि तिच्या उत्पादकाला नवा अर्ज घेऊन पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहावं लागतं. रिव्ह्यूची सूचना निघते तेव्हाच प्रत्येक वगळणुकीपुढे आणि प्रत्येक ग्रेडपुढे उत्पादकानं गेल्या पाच वर्षांची विक्री लिहून द्यावी, आणि ज्या ग्रेडपुढे रकाना रिकामा राहील ती त्याच दिवशी चर्चेला यावी.